उतारा वाचून घ्या, मग संचकार द्या

तात्यांनी टेबलावर उतारा पसरला, एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, ह्याचं नाव हाय. आता रजिस्टर कधी करायचं तेवढं सांगा."

उतारा कन्नडमध्ये होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या तात्यांना कन्नड बोलता येतं, बाजारात किंवा बँकेत त्यांचं काही अडत नाही. वाचता मात्र येत नाही. त्यांचं बोट ज्या नावावर होतं ते जमीन विकणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचं होतं. आणि दोन लाखांचा संचकार (व्यवहार ठरल्यावर द्यायची आगाऊ रक्कम, कोल्हापूरकडं ज्याला इसार म्हणतात) तात्यांनी आधीच रोख देऊन टाकला होता.

मी वकिलांच्या हाताखाली कागद वाचायचं काम बरीच वर्षं केलं. शिक्षण कन्नडमधून झाल्यामुळं पै-पाहुणेही कागद घेऊन घरी येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. खालचं सगळं कर्नाटकातल्या कायद्याप्रमाणं आहे. कोल्हापूर किंवा पुण्याचे पाहुणे सांगतात ते त्यांच्याकडं बरोबर असतं, पण बेळगावच्या जमिनीला ते लागू होईलच असं नाही.

उताऱ्यावर नाव आहे, मग तोच मालक ना?

आपण ज्याला उतारा म्हणतो त्याला इथं सरकारी भाषेत आरटीसी आणि कन्नडमध्ये पहाणी म्हणतात. तो महसूल खात्याचा कागद आहे. जमीन कुणाच्या नावावर लागली आहे, पीक काय, बोजा काय, हे तो सांगतो. १९६४ च्या कर्नाटक भू-महसूल कायद्यानुसार त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा समोर येईपर्यंतच. मालकी उताऱ्यानं मिळत नाही. ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, वारसा किंवा कोर्टाचा हुकूमनामा यांतून येते आणि उतारा तिच्या मागून चालतो. त्यामुळं नाव दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचा: हे नाव इथं आलं कसं?

त्याचं उत्तर उताऱ्यातच दडलेलं असतं. कन्नड येत नसलं तरी चार रकाने ओळखता यायला हवेत. ९ व्या रकान्यात नावं आणि त्यांच्यापुढं क्षेत्र असतं. नावांना जोडून "जंटी" असं लिहिलेलं दिसलं तर ते सगळे सामाईक आहेत आणि प्रत्येकाचा तुकडा अजून वेगळा झालेला नाही. १० व्या रकान्यात हक्क कसा आला ते फेरफाराच्या, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीच्या, नंबरासह असतं. "क्रय" म्हणजे खरेदी, "पौती" म्हणजे मयताच्या जागी वारसांची नोंद, "दान" म्हणजे बक्षीस. त्या नंबराचा फेरफार काढून घ्यायचाच. खरी गोष्ट तिथं असते: कोण वारलं, कुणी वर्दी दिली, कुणाकुणाची नावं लागली आणि कुणाची राहिली.

११ वा रकाना तर सर्वांत आधी वाचावा. त्यात "हक्कुगळु" आणि "ऋणगळु", म्हणजे इतरांचे हक्क आणि बोजे असतात. "साल" दिसलं तर कर्ज. मराठीतलं साल म्हणजे वर्ष समजून ही ओळ सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. गावच्या पीकेपीएसचं (शेती पतसंस्था, आपली सोसायटी) दहा वर्षांपूर्वीचं पीककर्ज फेडलेलं असतं, पण बोजा कमी केलेला नसतो, हे नेहमीचंच. "भूस्वाधीन" हा शब्द दिसला तर जमीन रस्त्याला किंवा प्रकल्पाला संपादनात चालली आहे. बेळगावभोवती रिंगरोड आणि बायपाससाठी संपादन झालं आहे, त्या पट्ट्यात तर हा शब्द शोधायचाच. "अरण्य" दिसलं, आणि खानापुरात ते दिसतं, तर वनखात्याचा संबंध आहे. तिथं थांबून चौकशी केल्याशिवाय एक पाऊलही पुढं टाकू नये. १२ व्या रकान्यात कसणाऱ्याचं नाव आणि पीक असतं. तिथं मालकाऐवजी तिसराच माणूस असेल तर बांधावर जाऊन शेजाऱ्याला विचारायचं, जमीन कोण कसतं म्हणून.

क्षेत्राचंही एक सांगून ठेवतो. आपला उतारा एकर-गुंठ्यात असतो, ४० गुंठ्यांचा एकर आणि ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. दोन्हीकडं शेती असलेल्या घरांत यावरून गैरसमज होतात, म्हणून संचकारपत्रात एकर-गुंठे आणि चतु:सीमा दोन्ही लिहाव्यात.

तात्यांच्या उताऱ्यावर चार नावं होती, चारही जंटी. विकणारा म्हणत होता, "माझ्या हिश्शाचं सव्वा एकर देतो." हिस्सा कागदावर फुटलेला नव्हता. आपल्याकडं, जुन्या मुंबई इलाख्यात, एकत्र कुटुंबातल्या हिस्सेदाराला आपला न फुटलेला हिस्सा विकता येतो. मात्र घेणाऱ्याला विहिरीकडचा अमुक तुकडा हक्कानं मिळत नाही, मिळतो तो वाटणीचा दावा लावायचा अधिकार. म्हणजे पैसे देऊन कोर्टाची तारीख विकत घेण्यासारखंच. सर्व्हे नंबराचा काही भागच घ्यायचा असेल तर सर्व्हे खात्याकडून ११-ई नकाशा करून घ्यावा लागतो, त्याशिवाय नोंदणी पुढं सरकत नाही. हिस्सा वेगळा करण्याला कन्नडमध्ये पोडी म्हणतात, आपली हिस्सेफोड तीच.

मागचे कागद किती मागं जाऊन बघायचे?

तीस वर्षं तरी. कावेरी या सरकारी संकेतस्थळावरून ई. सी., म्हणजे बोजा प्रमाणपत्र, घरबसल्या काढता येतं. साधारण २००४ नंतरचे व्यवहार त्यात सापडतात. त्याआधीचं सब-रजिस्ट्रार ऑफिसात जुन्या पुस्तकांतून शोधून घ्यावं लागतं. हिस्सेफोड झाली असेल तर नव्या नंबरावर शोध कोरा येतो आणि माणूस खूष होतो. जुन्या नंबरावरही शोध घ्या, कारण गहाणखत तिथं बसलेलं असू शकतं. शिवाय ई. सी.त फक्त नोंदलेले दस्त येतात. तोंडी वाटणी, बाँडवर घेतलेला संचकार किंवा कोर्टात चालू असलेला दावा त्यात दिसणार नाही. दावा चालू असताना घेतलेली जमीन शेवटी दाव्याच्या निकालाला बांधली जाते, म्हणून तालुक्याच्या कोर्टात विकणाऱ्याच्या नावानं एकदा शोध घ्यावा.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं आजोबा-पणजोबांच्या वेळचे दस्त मराठीत, त्याहून जुने मोडीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये. एकाच जमिनीची साखळी अशी तीन लिप्यांत विखुरलेली असते. ट्रंकेतला मोडी कागद कुणाला वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. वतनाची जमीन कोणत्या शर्तीवर मिळाली ते कधीकधी फक्त त्यातच लिहिलेलं असतं. मोडी वाचणारे लोक अजून आहेत, त्यांच्याकडून देवनागरीत उतरवून घ्या. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या बाजूला वाडवडिलांची जमीन असलेल्यांना जुने संदर्भ बेळगावचे सापडतात, ते पाहून गोंधळू नये.

बहिणीची सही लागते का? तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली की.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. उत्तर साधं असूनही ऐकायला कुणी तयार नसतं. लागते.

जमीन वडिलांची स्वतःची कमाई असेल आणि मृत्युपत्र न करता ते वारले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी मुलाइतकीच वारस आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं (९ सप्टेंबर २००५ पासून) मुलगी जन्मानं हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर बरेच वाद झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात ते मिटवले: वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या मात्र यातून उखडल्या जात नाहीत. लग्न झालं, हुंडा दिला, दरवर्षी माहेरचं लुगडं जातं, यातल्या कशानंही हक्क संपत नाही.

पौतीच्या वेळी भावांनी वर्दी दिली आणि फक्त स्वतःची नावं लावली, तर उताऱ्यावर बहीण दिसत नाही. हक्क असतोच. तात्यांच्या व्यवहारात नेमकं हेच निघालं. विकणाऱ्याची बहीण चंदगड तालुक्यात दिलेली होती आणि उताऱ्यावर तिचं नाव कुठंच नव्हतं. सीमेच्या दोन्ही बाजूंना आपला रोटीबेटी व्यवहार असल्यामुळं असं घरोघरी आहे. ती महाराष्ट्रात राहते म्हणून इथल्या जमिनीवरचा तिचा हक्क कमी होत नाही. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. घरी कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा चालत नाही. तिनं भावाला माया म्हणून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण काय सोडते आहे ते तिला तिच्या भाषेत समजावून सांगायला हवं. माझ्या समोर एका मावशीनं विचारलं होतं, "मी कशावर सही केली ते आता तरी सांगशील का?" तो प्रश्न मला अजून टोचतो.

हिस्सेदारांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर त्याच्या वेगळ्या मालकीची मिळकत विकायला आई-वडिलांनासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. तिच्याशिवाय झालेली विक्री ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं.

बाँडवर प्लॉट घेतलाय, घर बांधलंय, पट्टी भरतोय. आता कशाची भीती?

शहराच्या कडेला हजारो संसार अशा कागदावर उभे आहेत, म्हणून घाबरवायला नव्हे तर काळजीनं लिहितो. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानंच विकता येते. बाँडवर नोटरीचा शिक्का असला तरी तो फक्त एक करार राहतो. मुखत्यारपत्र आणि करार जोडून दिले तरी मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं. घरपट्टीची पावती आणि वीजबिल तुम्ही तिथं राहता एवढंच सांगतात. मूळ शेतकऱ्याचं नाव उताऱ्यावर तसंच असतं. तो वारला की त्याच्या मुलांना जमीन मोकळी दिसते आणि त्यांना ती गहाण टाकता येते.

असा प्लॉट असेल तर आजच मूळ मालकाला गाठा. तो जिवंत आहे तोवरच सोपं आहे, पुढं वारस वाढतात आणि प्रत्येकाच्या मागण्याही. नवीन घेत असाल तर बिनशेती हुकूम, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी आणि ई-खाते (शहरी मिळकतीचा ऑनलाइन खातेउतारा), ही तीन कागदं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यभर शहरी मिळकतीची नोंदणी ई-खात्याशिवाय होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तुचे (तिथल्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुने बघायचे: ९ आणि ११-अ हवेत. ११-ब ची मिळकत त्या तोडीची नसते, दोन्हींची किंमत एक सांगितली तर समजून जा. शहरात "बी" खाते मिळालं म्हणजे लेआउट कायदेशीर झाला असंही नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागते, तो नंबर मागून घ्या. कॅम्पातला बंगला असेल तर जागा संरक्षण खात्याची आहे का ते आधी पाहा. जुन्या ग्रँटच्या मिळकतींत फक्त वरचं बांधकाम माणसाचं असतं.

मी शेतकरी नाही. शेतजमीन घेता येते का?

कर्नाटकात येते. १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यातली कलमं ७९-अ आणि ७९-ब पूर्वी बिगरशेतकऱ्याला आणि ठराविक उत्पन्नावरच्या माणसाला अडवत होती. २०२० च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यावरचं बंधन आजही आहे. म्हणून "शेतकरी दाखला कुठून आणू?" असं विचारणारे कोल्हापूरचे पाहुणे त्यांच्या जागी बरोबर असतात, इथं मात्र त्याची गरज नाही.

पण घेणाऱ्यावरचं बंधन गेलं म्हणून जमिनीवरची बंधनं गेली असं नाही. कुळाला लवादाकडून (लँड ट्रिब्युनलकडून) मिळालेली जमीन अंतिम हुकमापासून १५ वर्षं विकता येत नाही. वतन रद्द होऊन परत दिलेल्या जमिनींना शर्ती आहेत, रिग्रँटचा हुकूम काढून वाचावा लागतो. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली जमीन सरकारी परवानगीशिवाय घेतली, तर १९७८ च्या कायद्यानं ती मूळ कुटुंबाला परत जाते. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यासाठी अर्ज करायची कालमर्यादाही काढली आहे. मला हा कायदा योग्यच वाटतो. अडीनडीला मातीमोल भावानं गेलेल्या जमिनी कुणाच्या होत्या ते गावात सगळ्यांना माहीत असतं. घेणाऱ्यानं तिथं जाऊच नये.

खर्च आणि पैशाची रीत

मुद्रांक शुल्क ५ टक्के. त्या शुल्कावर १० टक्के सेस, वर अधिभार शहरात २ आणि खेड्यात ३ टक्के. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली. खेड्यातल्या ३० लाखांच्या जमिनीला १,५०,००० अधिक १५,००० अधिक ४,५०० अधिक ६०,०००, म्हणजे २,२९,५०० रुपये लागतात. ठरलेली किंमत आणि सरकारी गाइडन्स व्हॅल्यू यांत जी जास्त असेल तिच्यावर हा हिशेब होतो.

मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर ते पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. तात्यांचे दोन लाख म्हणूनच मला खटकले. चेकनं किंवा बँकेतून द्या, आणि संचकारपत्रात चेक नंबर लिहा. ५० लाख किंवा त्यावरच्या मिळकतीला (खेड्यातली शेतजमीन सोडून) घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. संचकारपत्रही नोंदवून घ्यावं. विकणारा फिरला तर ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर त्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून, तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

दस्त कन्नडमध्येच का? आणि पुण्यातून सही चालते का?

नोंदणी कायद्याचं १९ वं कलम सांगतं की जिल्ह्यात सर्रास न वापरली जाणारी आणि अधिकाऱ्याला न समजणारी भाषा असेल तर दस्तासोबत खरं भाषांतर जोडावं लागतं. प्रत्यक्षात इथले दस्त कन्नडमध्येच होतात. आपण एवढं करावं: मसुदा दोन दिवस आधी मागून घ्यावा, आपल्या माणसाकडून मोठ्यानं मराठीत वाचून घ्यावा, आणि नावं, सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतु:सीमा एकेक करून उताऱ्याशी ताडून बघावी. सब-रजिस्ट्रारसमोर खुर्चीत बसल्यावर वाचायला वेळ नसतो.

बेळगावच्या जमिनीचं खरेदीखत कोल्हापुरात किंवा पुण्यात नोंदवता येत नाही. मुलगा तिकडं नोकरीला असेल तर त्यानं तो राहतो तिथल्या सब-रजिस्ट्रारपुढं मुखत्यारपत्र करून पाठवावं. नुसत्या नोटरीवर विसंबू नये. आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपतं, हे विसरू नये.

सीमाप्रश्न सुटला तर माझ्या खरेदीचं काय होईल?

म्हातारी माणसं हे गंभीरपणे विचारतात, तेव्हा उत्तरही गंभीरपणे द्यायला हवं. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे. आज इथं कर्नाटकाचा कायदा चालतो आणि व्यवहार त्याप्रमाणंच करावा लागतो. राज्य बदललं म्हणून कुणाची खाजगी मालकी जात नाही. १९५६ मध्ये आपला जिल्हा मुंबईतून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा कुणाचं खरेदीखत रद्द झालं नाही, जुने मुंबईचे कायदेसुद्धा नवे येईपर्यंत चालू राहिले. जमीन महसुलाचा इथला नवा कायदा १ एप्रिल १९६४ ला लागू झाला. कागद चोख असेल तर तो कोणत्याही राज्यात चोखच राहतो.

रजिस्टर झालं, पेढे वाटले. झालं का सगळं?

नाही. दस्ताची माहिती सब-रजिस्ट्रार ऑफिसातून महसूल खात्याकडं जाते, हरकतीची नोटीस निघते, मुदत संपली की फेरफार मंजूर होतो आणि मग नवा उतारा निघतो. तो हातात येईपर्यंत पाठपुरावा आपणच करायचा. इथले लोक रजिस्टर झाल्यावर खरेदीखत कपाटात ठेवतात आणि वीस वर्षांनी कळतं की उतारा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला.

तात्यांचा व्यवहार पुढं आठ महिने चालला. पौती नीट झाली, बहिणीचं नाव लागलं. तिनं हक्क सोडला नाही, हिश्शाचे पैसे घेतले आणि खानापूरला येऊन स्वतः सही केली. ११-ई नकाशा झाला, सोसायटीचा बोजा उतरला, तेव्हा कुठं खरेदी झाली. नवा उतारा घेऊन तात्या परत आले आणि म्हणाले, "ह्यातलं माझं नाव कंचं ते दाखव." मी दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं, मग पुढं सरकवून विचारलं, "आणि हे वडिलांचं?"

वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीचा अर्ज घेऊन आम्ही दोघं तहसीलदार ऑफिसात उभे होतो.